तपासणी घरच्या डॉक्टरांकडे होते

फोन वाजला तेव्हा तो अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशिन रूममध्ये गुडघ्यांवर बसून लिफ्टच्या ब्रेकचा पट्टा बोटाने चाचपत होता. पट्टा झिजला होता, पण टाकून देण्याइतका नाही. अजून दोन महिने सहज निघाले असते. हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने फोन दोन बोटांच्या टोकांनी उचलला आणि कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला. मुलीच्या शाळेतली नर्स बोलत होती. आवाज थकलेला, पण घाईचा नव्हे. तिने आधी तो मुलीचा बापच आहे ना याची खात्री करून घेतली, मग वर्ग आणि तुकडी विचारली. मग म्हणाली की आज सातवीच्या मुलांची आरोग्य तपासणी आहे, तुमच्या मुलीचा संमतीचा फॉर्म आला आहे, सगळ्या रकान्यांत 'हो'वर खूण आहे, आणि खाली सही आहे. एवढं बोलून ती थांबली. तो म्हणाला, काहीतरी घोटाळा झाला असेल, मी 'नाही'वर खूण केली होती, दर वर्षी तशीच करतो. "ते मला माहीत आहे," नर्स म्हणाली. "म्हणूनच फोन केला. सही तुमची नाही. आईची आहे."

त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं, तिने केली. पावसाळी चपला पोरीला लहान झाल्यात हे तिने आधीच बघून ठेवलेलं असायचं, शाळेच्या सहलीचा कागद तिने भरून दिलेला असायचा, आणि त्याला ते नंतर कधीतरी कळायचं. तसंच काहीसं वाटून त्याला क्षणभर अगदी हलकं वाटलं. मग खालच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं, मोटर गरगरली, दोर सरकायला लागले, आणि बायको जाऊन चार वर्षं झाली हे त्याला आठवलं. आठवलं हा शब्दसुद्धा बरोबर नाही. ते विसरलं कधी जात नव्हतं. फक्त त्या एका क्षणापुरतं ते बाजूला उभं राहिलं होतं, आणि आता परत येऊन आपल्या जागेवर बसलं. नर्स म्हणत होती की शक्य असेल तर आत्ता या, मी तिला रांगेतून बाजूला काढून माझ्या खोलीत बसवलंय, अजून कोणाला काही बोलले नाही. तो येतो म्हणाला. त्याचा जोडीदार खाली, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तळ साफ करत होता. त्याला सगळे जाड्या म्हणत, आणि एवढा जाड माणूस त्या खड्ड्यातून वर येतो कसा याच्यावर रोज एक तरी विनोद व्हायचा. त्याने जाड्याला हाक मारून सांगितलं की शाळेत काम निघालंय, आजचा तपासणीचा कागद तू भर. जाड्याने खालूनच विचारलं, ब्रेकचं काय लिहू? तो म्हणाला, बदला म्हणून लिही. मग त्याचं त्यालाच नवल वाटलं. दोन महिने निघाले असते.

शाळेकडे जाणाऱ्या बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. त्या फॉर्मची त्याला सवय झाली होती. पिवळट कागद, वर शाळेचा शिक्का, खाली यादी: दृष्टी, श्रवण, दात, उंची आणि वजन, पाठीचा कणा, हृदय आणि फुप्फुसं. प्रत्येकापुढे दोन चौकोन. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, नकार असल्यास कारण. पहिल्या वर्षी त्या एका ओळीपाशी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्धा तास बसून होता. शेवटी त्याने लिहिलं, 'तपासणी घरच्या डॉक्टरांकडे होते.' वाक्य लिहून झाल्यावर त्याने ते परत वाचलं आणि त्याला ते इतकं खरं वाटलं, की त्या डॉक्टरांचा दवाखाना, बाहेरचं बाकडं, त्यांचा चष्मासुद्धा डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या वर्षी त्याला विचार करावा लागला नाही. तिसऱ्या वर्षी ते वाक्य हाताने आपलं आपणच लिहिलं. या वर्षीचा फॉर्म मागच्या सोमवारी आला, त्याने उभ्या उभ्या भरला, आणि मुलीच्या दप्तरात घालून तो कामाला निघून गेला. मुलगी तेव्हा बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर करून विचारलं होतं, बाबा, नाहीच का? तो म्हणाला होता, आपल्याला काय गरज आहे. ती बरं म्हणाली होती. ती नेहमी बरंच म्हणायची. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, खिडकीवरून पलंगावर, पलंगावरून आईच्या पाठीवर, म्हणून आईने तिचं नाव खारू ठेवलं होतं. आता ते नाव तिला शोभत नव्हतं. ती सावकाश बोलायची, आणि बोलण्याआधी समोरच्या माणसाला हे ऐकणं झेपेल का याचा अंदाज घेतल्यासारखी बघायची.

चार वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या तळघरातल्या बोळात एका उंच, वाकलेल्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं होतं. बायको संध्याकाळी बसमध्ये, बसल्या जागी गेली होती. चौतीस वर्षांची धडधाकट बाई, म्हणून शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी हाताची मूठ करून दाखवली आणि दुसऱ्या हाताने ती झाकली. हृदयाचा स्नायू जाड झाला होता, म्हणाले, एवढा. आतली जागा त्याने खाऊन टाकली होती. मग त्यांनी विचारलं, मुलं किती? एक मुलगी, त्याने सांगितलं, आठ वर्षांची. डॉक्टर म्हणाले की हे रक्तातून येतं. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे, नसण्याची निम्मी. तिला आता तपासून घ्या आणि पुढे दर वर्षी घेत जा. आज दिसलं नाही तरी वाढत्या वयात दिसू शकतं. त्यांनी एका कागदावर खात्याचं नाव आणि मजला लिहून दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. त्या बोळात कुठेतरी नळ गळत होता, आणि एवढं मोठं हॉस्पिटल असून यांना एक वायसर बदलता येत नाही, असं त्याच्या मनात आलं होतं, हे त्याला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहावी इतकं स्पष्ट आठवत होतं.

न्यायचं नाही असं त्याने कधीच ठरवलं नव्हतं. पहिले दोन महिने दिवसकार्य, कागदपत्रं, पोरीचं न जेवणं यात गेले. मग त्याने एकदा सुट्टी काढली आणि त्याच दिवशी पोरीला ताप आला. मग परीक्षा. मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की तो कारणं शोधत नाही, कारणं त्याला शोधत येतायत. त्याच्या थोरल्या बहिणीला त्याने एकदा सांगून बघितलं होतं. ती म्हणाली, पोर चांगली खातेपिते, हसतेखेळते, उगाच कशाला नसता भुंगा मागे लावून घेतोस? डॉक्टरांचं काय, ते सांगतातच. ताईचं शहाणपण एरवी तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा. हे एक वाक्य मात्र त्याने जपून ठेवलं. आणि तरीही रोज, सकाळ संध्याकाळ, तो मुलीला तपासतच होता. ती जिना चढली की तो मागून तिचा श्वास ऐकायचा. ती दमले म्हणाली की तो हसून म्हणायचा, एवढ्यात? तिचे ओठ, तिची नखं, झोपेतून उठल्यावरचा तिचा चेहरा. कामावर दोराची एक तार तुटलेली दिसली तरी तो लिफ्ट बंद करून टाकायचा, रहिवासी कितीही ओरडले तरी. या माणसाच्या सहीवर डोळे मिटून वर जावं असं कंपनीतले लोक म्हणत. घरात मात्र तो आवाज येतोय का हे कान देऊन ऐकत होता, आणि झाकण उघडून बघत नव्हता. उघडलं की निम्मं जाणार होतं. दोन्हीपैकी कुठलं तरी एक. आणि उरलेल्या निम्म्यात, उरलीच ती वाईट निम्मी, तर त्या घरात दोघांनी राहायचं कसं, हे त्याला समजत नव्हतं.

नर्सची खोली लांबट होती. वजनकाटा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक रेक्झिनचा पलंग आणि त्याच्यापुढे चाकांचा पडदा. बाहेर व्हरांड्यात मुलांची रांग लागली होती आणि एक तरुण डॉक्टर दुसऱ्या खोलीत एकेकाला आत घेत होता. नर्स पन्नाशीची असावी. तिने त्याला खुर्ची दिली, त्याच्या हातांकडे बघितलं, आणि न बोलता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुढे केला. तो बोटं पुसत असताना तिने फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. मुलीने वर्गशिक्षिकेला पहिला फॉर्म हरवला म्हणून सांगितलं होतं आणि नवा मागून घेतला होता. त्याने सही बघितली. पहिलं अक्षर मोठं, त्याचा काना खाली ओढलेला, शेवटी एक छोटी गाठ मारल्यासारखं वळण. हुबेहूब. मग हळूहळू त्याला फरक दिसायला लागला. ही सही फार चांगली होती. बायकोची सही शेवटच्या वर्षांत पार सैल झाली होती, घाईघाईत गाठ सुटून नुसती रेघ उरायची. ही तिची जुनी सही होती, लग्नानंतर लगेचची, वाचनालयाच्या कार्डावरची. ते कार्ड कपाटात वरच्या खणात होतं. पोर तिथवर पोचली होती, आणि एकदा करून एवढी हुबेहूब सही जमत नाही. किती वेळा बसली असेल ती, किती कागद भरले असतील, आणि ते कागद कुठे टाकले असतील, कारण घरातला कचरा तर तोच बाहेर नेत होता.

नर्स म्हणाली की नियमाने हे वर कळवायला पाहिजे, खोटी सही आहे. पण बारा वर्षांची मुलं सह्या करतात त्या प्रगतिपुस्तकावर, शाळा बुडवायच्या चिठ्ठीवर. तपासणी करून घेण्यासाठी खोटी सही केलेली तिने अजून बघितली नव्हती. मग तिने जुन्या फॉर्मची फाइल उघडली. तीन वर्षांचे तीन कागद, तिन्हींवर तेच वाक्य, त्याच्याच अक्षरात. "हे घरचे डॉक्टर कोण?" तिने विचारलं. "नाव द्या. मी त्यांच्याकडून दोन ओळींचा कागद मागवते, म्हणजे आजचा प्रश्न मिटेल." ती आरोप करत नव्हती. तिने पेन उघडून हातात घेतलं होतं. त्याला तो चष्मा आठवला, ते बाकडं, दवाखान्याचं दारसुद्धा. नाव मात्र येईना. एक नाव, कुठलंही, शहरात शेकड्याने डॉक्टर होते.

"तसं कोणी नाही," तो म्हणाला.

तिने पेनाला टोपण लावलं. काही विचारलं नाही. ते न विचारणं त्याला असह्य झालं, म्हणून त्याने आपण होऊन सांगितलं, बायकोचं, तळघरातल्या डॉक्टरांचं, निम्म्याचं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चार वर्षं जे छातीवर घेऊन तो फिरत होता ते बोलून बघितलं तर इतकं थोडं होतं. नर्स ऐकत असताना टेबलावरच्या स्टेथस्कोपची नळी सरळ करत राहिली. शेवटी म्हणाली, ती पडद्यामागे आहे. तुमच्याशी बोलायचंय तिला असं मला वाटतं, पण ती म्हणेल असं वाटत नाही. मी बाहेर रांग बघून येते.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती, पाय लोंबकळत. त्याने पडदा सारला तेव्हा ती दचकली नाही. सगळं ऐकलेलं होतंच, मध्ये कापड होतं फक्त. तो तिच्या शेजारी बसला. रेक्झिन कुरकुरलं. सहीबद्दल रागवावं, निदान तिथून सुरुवात करावी, असं त्याला वाटत होतं, कारण रागवणारा बाप असणं हे सोपं होतं. तो म्हणाला, असं करायचं नसतं. ती म्हणाली, माहितेय. मग दोघंही समोरच्या तक्त्याकडे बघत राहिले. वरची अक्षरं मोठी होती, खाली खाली मुंगीएवढी होत गेली होती.

"बाबा," ती म्हणाली, "माझे घोटे चांगले आहेत."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिसरीत असताना तो खेळाच्या शिक्षकांना भेटून आला होता, की हिचे पायाचे घोटे अधू आहेत, हिला धावायला लावू नका. मुलीलाही त्याने तेच सांगितलं होतं. चार वर्षं खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. एकदाही तक्रार नाही. त्याला वाटलं होतं, हिला मुळातच धावायची आवड नाही.

ती सांगत गेली, सावकाश, त्याच्याकडे न बघता. घोटे दुखत नाहीत हे तिला लगेचच कळलं होतं. मग दुखत नाहीत तर बाबा असं का म्हणतो, हे तिला कळत नव्हतं. पाचवीत असताना कपाटात तिला आईच्या शवविच्छेदनाचा कागद सापडला. त्यातला एक शब्द तिने वहीत उतरवून घेतला आणि विज्ञानाच्या बाईंना विचारला. बाईंनी सांगितलं आणि विचारलं, का गं? ती म्हणाली, असंच. त्या दिवसापासून ती वाट बघत होती, की बाबा सांगेल. वाढदिवसाला सांगेल असं वाटलं. मग अकरावा झाला, बारावा झाला. "मग मला वाटलं, तुला सांगता येत नाहीये," ती म्हणाली. "म्हणून मी आईची केली. तुझी केली असती तर ते खोटं झालं असतं. तू नाही म्हणाला होतास."

त्याने विचारलं, आणि असलं तर? तिने त्याच्याकडे बघितलं. समोरच्या माणसाला झेपेल का याचा अंदाज घेत होती, हे आता त्याला दिसलं. आणि ते कोणाकडून शिकली हेही.

"असलं तर आत्ताही ते आहेच ना," ती म्हणाली.

नर्स परत आली तेव्हा त्याने नवा फॉर्म मागितला. भरताना त्याचा हात अगदी कामावरच्यासारखा चालत होता. मग बाहेरचा तरुण डॉक्टर यायची वाट न बघता नर्सने आधी स्वतःच स्टेथस्कोप कानांना लावला. त्याने बाहेर जायला नको, असं मुलीनेच सांगितलं. नर्सने तिला आडवं करून ऐकलं, बसवून ऐकलं, मग उभं केलं आणि परत ऐकलं. उभं केल्यावर तिने डोळे मिटले. तीस वर्षं कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो, काही न सांगणारा. पण तोही कान देऊनच जगणारा माणूस होता. मोटरमधला बारीक फरक ऐकताना जाड्या त्याला म्हणायचा, तुझा चेहरा बघितला की मला कळतं किती वेळ लागणार. नर्सने डोळे उघडायच्या आधीच त्याला कळलं. तिने बाहेरच्या डॉक्टरला बोलावलं, त्यानेही ऐकलं. काहीतरी ऐकू येतंय, तो म्हणाला, ते काहीही असू शकतं, मोठ्या हॉस्पिटलात दाखवून घ्या. आणि त्याने चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर तेच खातं होतं. मजला बदलला होता.

आठ दिवसांनी ते गेले. मधल्या आठ दिवसांत घर आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. ती अभ्यास करायची, तो भांडी घासायचा, एकदा दोघं कसल्याशा फालतू गोष्टीवर पोट धरून हसलेसुद्धा. हॉस्पिटलच्या अंधाऱ्या खोलीत मुलीच्या छातीवर ती गार वस्तू फिरायला लागली आणि पडद्यावर तिचं हृदय दिसलं. करड्या रंगाचं, धुक्यात काहीतरी उघडझाप करावं तसं. त्याने ते कधी बघितलं नव्हतं. किती काम करत होतं ते, न थांबता, त्याच्या सगळ्या नकारांच्या काळात. तपासणारी बाई पडद्यावर रेघ ओढायची, थांबायची, परत तिथेच ओढायची. ती तीनदा एकाच ठिकाणी मोजतेय हे त्याच्या लक्षात आलं, मुलीच्याही आलं असावं. ती छताकडे बघत होती.

मग डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या. डॉक्टर चाळिशीच्या आतल्या होत्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी त्याच्याऐवजी मुलीलाच सांगितलं, याबद्दल त्याला पुढे कितीतरी दिवस कृतज्ञता वाटत राहिली. आहे, त्या म्हणाल्या. भिंत जाड आहे. तुझ्या आईच्या कागदावर होती तेवढी नाही, पण आहे. गोळ्या चालू करायच्या, धावायचं नाही, जोर लावायचे खेळ नाहीत, चक्कर आली तर लगेच यायचं, सहा महिन्यांनी परत मोजायचं. पुढे लागलं तर छातीत एक छोटं यंत्र बसवतात. अशी माणसं म्हातारी होतात, त्या म्हणाल्या, माझ्याकडे येतात काठी टेकत. मुलीने विचारलं की मी चालू शकते का कितीही, आणि त्या म्हणाल्या, हो. मग त्यांनी आईच्या कागदावरची तारीख बघितली, आणि कपाळाला आठी घालून त्याच्याकडे वळल्या. चार वर्षं झाली यांना जाऊन. मुलीला तपासायला हवं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं का?

"नाही," मुलगी म्हणाली. "आम्हाला माहीत नव्हतं."

इतक्या सहज, इतक्या सपाट आवाजात, की क्षणभर त्याचाच विश्वास बसला. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. पेन कागदावर घासत होतं. मुलगी समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होती, पाठ ताठ, हात मांडीवर. कोणीतरी आपल्याला अलगद उचलून कडेवर घेतलंय असं त्याला वाटलं, बारा वर्षांच्या हातांनी, आणि तिथून खाली उतरायचं नाही एवढंच करायचं होतं. गप्प बसायचं. ते त्याला येत होतं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं. त्याच दिवशी. मी आणलं नाही."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि वर काहीतरी दुसरं लिहिलं. बोलतील, ओरडतील, म्हणून तो वाट बघत राहिला. त्यांनी फक्त विचारलं, या काळात हिला कधी चक्कर आली होती का? त्याने नाही सांगितलं, आणि मुलीकडे बघितलं. मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा खालचा ओठ दातांखाली होता.

बाहेर बोळात लांबच लांब बाकडं होतं. गोळ्यांची चिठ्ठी शिक्का मारून मिळायची होती, तोवर थांबायचं होतं. ती बाकड्यावर बसली आणि मग एकदम तिचा चेहरा चुरगळला. आवाज न करता ती रडत होती, खांदे गदागदा हलत होते, आणि त्याने हात पुढे केला तो तिने झटकून टाकला. चार वर्षं जी मुलगी बरं म्हणत होती, तिने त्याचा हात झटकला. तू सांगायचं होतंस, एवढंच ती म्हणत राहिली, तू सांगायचं होतंस. त्याने हो म्हटलं. दोन माणसं जाताना वळून बघत गेली. तिने बाहीने नाक पुसलं, आणि भिंतीकडे बघत विचारलं, आई कशी गेली ते नीट सांग. कागदावर होतं ते नको. तू म्हणतोस तसं झोपेत, तेही नको.

हे सांगायचं नाही असं मात्र त्याने ठरवलेलं होतं. बाकी सगळं टाळलेलं होतं, हे एकच ठरवलेलं. त्याने आजूबाजूला बघितलं, कोणी हाक मारतंय का, चिठ्ठी तयार झाली का. कोणी मारली नाही.

"ती धावली होती," तो म्हणाला. "बस सुटत होती, ती धावत जाऊन चढली. तुला शाळेतून आणायला यायचं होतं तिला. शाळा सुटायची वेळ झाली होती."

मुलीने मान वळवली. तिच्या डोळ्यांत काय आलं ते त्याने बघितलं, आणि ते येऊ नये म्हणूनच तो चार वर्षं गप्प होता, म्हणून तो घाईघाईने पुढे बोलला, शब्द एकमेकांवर आदळत. "त्या दिवशी माझी पाळी होती. तुला आणायची. मीच जाणार होतो. मी तिला फोन केला, लिफ्ट अडकलीय, मला जमत नाही." त्याने श्वास घेतला. "अडकली नव्हती. आम्ही गच्चीवर बसलो होतो. गप्पा मारत. मला उठायचा कंटाळा आला होता."

बोळाच्या टोकाकडून एक म्हातारी बाई भिंतीचा आधार घेत घेत येत होती. बाकड्यापाशी येऊन ती थांबली, आणि बसू का असं नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मुलगी सरकली. त्याच्याकडे नाही, दुसऱ्या टोकाकडे. म्हातारी त्या दोघांच्या मध्ये बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मोठा सुस्कारा सोडला. तिला कमी ऐकू येत असावं. तिने हसून दोघांकडे आलटून पालटून बघितलं. तो फरशीकडे बघत राहिला. आता संपलं, त्याला वाटलं, आता पोर मला परत काही विचारणार नाही. खिडकीवर एकेक नाव पुकारलं जात होतं, त्यांचं येत नव्हतं.

मग म्हातारीच्या पलीकडून, किंचित पुढे वाकून, मुलीने विचारलं, "मग?"

तो सांगू लागला.